सिमेंट आणि सावली

जालना जिल्ह्यांत येणारा प्रवासी बहुधा ठरलेलीं स्थळें पाहून परततो. समर्थांचें जन्मस्थान जांब, राजूरचा गणपति, १८०३ सालच्या लढाईचें असई, एवढें झालें कीं यात्रा सफल झाली असें तो मानतो. तीं स्थळें पाहण्याजोगीं आहेत यांत शंका नाहीं. परंतु गेल्या हिवाळ्यांत आम्ही निराळ्या उद्देशानें हिंडलों. जालन्याच्या कारखान्यांतील लोखंडी सळई दूरदूरच्या इमारतींच्या पोटांत जाते. तेव्हां खुद्द या जिल्ह्यांतील सिमेंटच्या इमारती कशा आहेत, हें पाहावें असें मनांत आलें.

सोबत आमचा भाचा व त्याचा जुना फिल्मचा कॅमेरा होता. पहिल्याच दिवशीं तो म्हणाला, "मामा, किल्लेदेवळें सोडून सिमेंटचे फोटो कोण पाहणार? आणि तेही काळेपांढरे!"

त्याचें उत्तर 'छायाचित्र' या शब्दांतच आहे. संस्कृतांत छाया म्हणजे सावली, छाया म्हणजे प्रतिबिंब, आणि छाया म्हणजे कांतीही. रंगीत चित्रांत डोळा प्रथम जाहिरातीच्या फलकाकडे व भिंतीवरील पिंकेकडे धांवतो. रंग काढून घेतला म्हणजे मागें उरतो तो आकार, पोत आणि प्रकाश. सिमेंटच्या अंगीं दागिना नसतो. त्याचें सौंदर्य याच तीन गोष्टींत असतें. सकाळचें तिरपें ऊन भिंतीवर पडलें कीं ओतकामाच्या वेळीं लावलेल्या फळ्यांचे ठसे रेघ न् रेघ दिसूं लागतात. दुपारीं तीच भिंत सपाट भासते.

या कामाचे कांहीं नियम आहेत. उंच जलकुंभ टिपतांना कॅमेरा वर कलला कीं उभ्या रेषा माथ्याशीं एकमेकींकडे झुकतात व कुंभ मागें कोसळतोसा दिसतो; म्हणून दूर उभें राहून कॅमेरा समपातळींत धरावा. भिंगापुढें तांबडी कांच लावली असतां निळें आकाश काळवंडतें आणि उजळ सिमेंट उठून दिसतें. प्रकाशमापक यंत्र जें दिसेल तें मध्यम करडें समजतें. म्हणून चुना दिलेल्या भिंतीस एक-दोन स्टॉप प्रकाश अधिक द्यावा लागतो.

अशा चित्रांचें मोल काय, हें दिल्लीनें दाखविलें आहे. वास्तुकार राज रेवल व अभियंता महेंद्र राज यांनीं प्रगति मैदानावर उभारलेला 'हॉल ऑफ नेशन्स' १९७२ सालीं पुरा झाला. पोलाद महाग, म्हणून त्याचा प्रचंड जाळीदार सांगाडा सिमेंट-काँक्रीटचा केला होता. २०१७ च्या एप्रिलांत तो पाडण्यांत आला. आज त्याचें वैभव पाहावयाचें तर मदन महाट्टा यांच्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रांकडे वळावें लागतें.

परतूर तालुक्यांतील एका गांवीं शाळेची जुनी इमारत आम्हांस आढळली. खिडक्यांवर पातळ छज्जे, ओसरीला सिमेंटची जाळी. स्लॅब गळूं लागल्यानें ती पाडण्याचें ठरलें होतें, आणि तें योग्यच. गळक्या छताखालीं मुलें बसवूं नयेत. आम्ही तेथें असतां एक वृद्ध गवंडी काठी टेकीत आले. जाळीवरून हात फिरवून म्हणाले, "गुरुजी, याचा सांचा माझ्या हातचा हाय. पाडायच्या आधीं एक फोटू काढा." भाच्यानें त्यांना जाळीजवळ उभें केलें. जाळीची सावली त्यांच्या सदऱ्यावर चौकटी-चौकटींनीं उमटली होती. त्या दिवसानंतर सिमेंटचे फोटो कोण पाहणार, हा प्रश्न त्यानें पुन्हां विचारला नाहीं.

देवळें टिकविण्यास भक्त आहेत, किल्ल्यांस इतिहासाभिमानी आहेत. आपल्या बापजाद्यांनीं नव्हे, तर आपणच डोळ्यांदेखत बांधलेल्या शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या यांस मात्र कोणी वाली नाहीं. आणि त्या आपल्या आधींच जात आहेत. आमची वाचकांस एवढीच विनंति आहे, कीं आपल्या गांवच्या अशा एका तरी इमारतीचीं चार बाजूंनीं चार छायाचित्रें घ्यावींत, आणि मागें पेन्सिलीनें गांव, साल व गवंड्याचें नांव अवश्य लिहावें.