सूत म्हणजे रेघ नव्हे

माझं पहिलं मोठं काम साडेचार तास टिकलं. दुपारी चारला शेवटची गाठ मारली आणि रात्री साडेआठला बांबूची चौकट मधोमध कडकन मोडली. तेव्हा गोदामात मी, माझा चुलतभाऊ आणि बघायला आलेली सात-आठ पोरं होती. कुणाला लागलं नाही. पोरांनी तर टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रम हाच होता.

ही 2018 सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी धामणगाव बढ्याचा. मोताळा तालुक्यातलं, घाटाखालचं, कपाशीचं गाव. शिल्पकला शिकायला मुंबईत गेलो, परत आलो आणि सूत व उजेड घेऊन काम करायला लागलो. हे कसं सुचलं, असं लोक कौतुकानं विचारतात. सुचलेलं थोडं आहे, चुकलेलं पुष्कळ. म्हणून चुकलेलंच सांगतो.

आमचं जुनं घर धाब्याचं. दुपारी साण्यातून कवडसा पडायचा आणि त्याच्यात कापसाची तुसं तरंगताना दिसायची. माय तिथंच बसून वाती वळायची. मुंबईत असताना ब्राझीलच्या लिजिया पापे या बाईंच्या कामाचे फोटो पाहिले. अंधाऱ्या खोलीत सोनेरी तारांचे जुडगे ताणलेले आणि त्यांच्यावर असा उजेड सोडलेला, की उन्हाच्या तिरिपा वरून उतरल्यासारख्या दिसाव्यात. मला वाटलं, हा तर आमच्या घरातला कवडसा! हे आपल्याला जमेल. तो फोटो मी कित्येकदा पाहिला असेन, पण त्या तारा टोकाला कशाला बांधल्या आहेत, हे एकदाही पाहिलं नाही.

चौकट मोडली ती हिशेब न केल्यामुळे. सूत हलकं, एवढंच डोक्यात होतं. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात 840 वारांच्या किती आट्या बसतात तो आकडा. 20 नंबरचं एकेरी सूत किलोभर घेतलं तर सुमारे 34 किलोमीटर भरतं. इतकी हलकी वस्तू चौकटीला काय करणार? मी सूत चौपदरी करून 640 धागे ताणले. एकेका धाग्याला पाव किलोचा ताण धरला, तरी सगळे मिळून 160 किलो होतात. म्हणजे दोन-अडीच माणसं त्या बांबूवर आडवी टांगल्यासारखं झालं. सुताचं वजन मी मोजलं होतं. ताणाचं मोजलं नव्हतं.

खरं तर बांबूनं मला चार दिवस आधीच सांगितलं होतं. नवे धागे बांधत गेलो तसे आधी बांधलेले सैल पडत होते. मला वाटलं, गाठी सरकताहेत. मी त्या पुन्हा ओढून बांधल्या. प्रत्यक्षात चौकट आत वाकत होती. माय दारातून बघून म्हणाली, "कायले एवढं ताणतं रे? सूत हाये का बैल?" मी हसण्यावारी नेलं.

दुसरी चूक उजेडाची. त्या रात्री चौकट मोडण्याआधीही काम कुणाला नीट दिसलं नव्हतं. लग्नाच्या मांडवात लावतात तसला 500 वॅटचा हॅलोजन मी भाड्यानं आणला आणि कामाच्या थेट समोर लावला. उजेड धाग्यांमधून आरपार जाऊन मागच्या चुन्याच्या भिंतीवर पडला. भिंत झगझगीत झाली आणि सूत पुसल्यासारखं झालं. मग मी दिवा आणखी जवळ नेला. थोड्या वेळानं जळका वास आला. कडेचे तीन धागे तांबूस होऊन तुटले होते. आजूबाजूला सुट्या कापसाचा ढीग होता आणि पाण्याची बादलीसुद्धा मी भरून ठेवली नव्हती. चौकट मोडल्यावर चुलतभावानं आधी बटण बंद केलं, म्हणून आज हे शाळेतल्या गमतीसारखं सांगता येतंय.

उजेडाचा धडा मला शेतात मिळाला, तोही उशिरा. हिवाळ्यात सकाळी तुरीतून चालताना कोळ्यांची जाळी दिसतात. उन्हाकडे तोंड करून चाललं तर जाळ्याचा तंतू न् तंतू चमकतो. पाठ फिरवली की जाळं नाहीसं होतं. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट. बारीक धाग्याला उजेड मागून किंवा कडेनं, तिरपा लागतो, पाठीमागं अंधार लागतो आणि दिवा बघणाऱ्याच्या डोळ्यांत येता कामा नये. अजिंठ्याच्या लेण्यांत पूर्वी बाहेर आरसा धरून ऊन आत वळवायचे आणि चित्रं दाखवायचे. दिवा केवढा आहे, यापेक्षा उजेड कुठून येतो हे महत्त्वाचं, हे त्या आरसा धरणाऱ्याला कळत होतं. मी मात्र वॅट वाढवत बसलो होतो.

तिसरी चूक सांगायला जड जाते. 2019 च्या उन्हाळ्यात मी सूत सोडून तंगूस घेतला, मासे धरायचा. धागा दिसू नये, त्यावर अडकवलेल्या सरकीच्या कवड्या तेवढ्या हवेत तरंगाव्यात, असं मनात होतं. गोदामाच्या दोन खिडक्यांना झडपा नव्हत्या. मी रात्री काम तसंच उघडं ठेवून घरी आलो. सकाळी पिंगळा अडकलेला सापडला. तंगूस पंखात रुतला होता आणि सुटायच्या धडपडीत त्यानं स्वतःला आणखी गुरफटून घेतलं होतं. कात्रीनं एकेक वेढा कापला. दुपारपर्यंत तो गेला.

मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्येच नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली होती आणि ती का, हे पतंग उडवणाऱ्या पोरांनाही ठाऊक होतं. मांजा वाईट, हे मला मान्य होतं. माझा तंगूस म्हणजे कला, म्हणून तो वेगळा, असं मी धरून चाललो होतो. पाखराच्या दृष्टीनं दोन्ही एकच. जो धागा माणसाला दिसू नये म्हणून निवडला, तो पाखराला तरी कसा दिसणार?

त्यानंतर मी पुन्हा सुताकडे आलो आणि चौथी चूक केली. 2019 च्या दिवाळीसाठी आमच्या खळ्यात, उघड्यावर काम उभारलं. या खेपेला चौकट लोखंडी होती, धागे निम्मे आणि दिवे फवारणी पंपाच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे. वीज गेली तरी चिंता नाही, म्हणून मी खुशीत. त्या वर्षी परतीचा पाऊस ऑक्टोबर संपला तरी हटला नाही. ओल धरली तसं पिळाचं सूत फुगून आखडलं. चौकट दणकट, ती हलेना. मग गाठीजवळ धागे तटातट तुटायला लागले. उरलेले ऊन पडल्यावर वाळले आणि कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे लोंबले. शेजारचे म्हातारे बुवा म्हणाले, "ओलं झालं का दोरी आखडते, हे तुले माहीत नाही? बाज कधी भिजू दिली नाही का?" बाज मी लहानपणी स्वतः भिजवली होती, दोर आवळावा म्हणून.

पण त्या पावसातली मोठी चूक सुताची नव्हती. त्याच आठवड्यात गावचा फुटलेला कापूस झाडावरच भिजत होता. सोयाबीनच्या गंजीतून कोंब बाहेर आले होते. आणि मी खळ्यात ओल्या धाग्यांचे फोटो काढत होतो. एक शेतकरी खळ्याच्या कडेला थांबला, बराच वेळ बघत राहिला आणि काही न बोलता निघून गेला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

पाचवी चूक याच कामात दडलेली होती. ती दोन महिन्यांनी उघडी पडली. आट्या उलगडून, चार पदर एकत्र करून गुंड्या करायचं काम पाच बायांनी केलं होतं. वेचणी नुकतीच सुरू झाली होती. दिवसभर कापूस वेचून, घरी भाकरी टाकून त्या रात्री यायच्या. वेचणीला किलोमागे मजुरी मिळते. माझ्याकडे चहा आणि पोहे. आपल्याच घरातला पोरगा आहे, काय मागायचं, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. आणि त्या बोलल्या नाहीत म्हणून मीही विषय काढला नाही.

जानेवारी 2020 मध्ये तेच काम एका शहरात बंद खोलीत नव्यानं मांडलं. पाटीवर माझं नाव, त्याखाली 'सूत, उजेड'. फोनवर तिचा फोटो पाहून त्या पाचजणींतल्या एका मावशीनं विचारलं, "आमची नावं कुठी हायेत?" मी म्हणालो, "तिकडं तशी पद्धत नसते." ते खोटं होतं. पद्धत होती की नव्हती, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

शीला गौडा यांचं एक काम मी वर्गात शिकलो होतो. सुयांच्या नेढ्यांतून लांबच लांब दोरा ओवायचा, अशा कितीतरी दोऱ्यांना कुंकू आणि डिंक लावून त्यांचा एक दोर करायचा. मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी तागाच्या दोराला हातानं गाठी मारत माणसापेक्षा उंच मूर्ती उभ्या करायच्या. या कामांवर परीक्षेत मी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्यांत हातांचे कष्टच दिसतात, असंही लिहिलं. घरातले हात मात्र दिसले नाहीत.

पुढे टाळेबंदी लागली. कुठलंच प्रदर्शन नव्हतं, तेव्हा झालं ते सगळं वहीत मांडलं. पाच चुका वेगवेगळ्या वाटत होत्या, पण मूळ एकच निघालं. मी सुताला कागदावरची रेघ समजत होतो. रेघेला ताण नसतो, ती भिजत नाही, जळत नाही, तिच्यात पाखरू अडकत नाही आणि ती कुणाला उलगडून द्यावी लागत नाही. सूत पऱ्हाटीपासून सरकी निघेपर्यंत आणि पुढे गुंडी होईपर्यंत कितीतरी हातांतून आलेलं असतं.

ताणाचा उपाय शेवटी एका गवंड्यानं सांगितला. घराच्या भिंतीला ओळंबा लावता लावता म्हणाला, "भाऊ, दोन्हीकून बांधूच नको. एकीकून बांध, दुसरीकून वजन सोड. सूत आखडलं तर वजन वर जाईन, सैल झालं तर खाली येईन. ताण तेवढाच राहीन." बस, एवढंच. आता माझ्या कामात 90 धागे असतात. प्रत्येक धागा वरच्या पितळी कडीतून ओवलेला आणि त्याच्या टोकाला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानातून आणलेला साधारण शंभर ग्रॅमचा नट. एकूण भार नऊ किलो. पावसाळ्यात नट बोटभर वर चढलेले दिसतात, उन्हाळ्यात उतरतात. येणाऱ्या पोरांना धाग्यांपेक्षा तेच बघायला आवडतं. अमेरिकेचे फ्रेड सँडबॅक नुसत्या चार-दोन ॲक्रिलिक धाग्यांनी रिकाम्या खोलीत भिंत असल्याचा भास उभा करायचे. ते आधीच नीट पाहिलं असतं तर 640 वरून 90 वर यायला मला इतकी वर्षं लागली नसती.

दिवे काढून टाकले. गोदामाच्या पत्र्याला एक भोक आहे, त्यातून कवडसा येतो. तो सरकला की आरशानं वळवतो. ढग आले तर काम दिसत नाही, तसं आलेल्याला आधीच सांगतो. खिडक्यांना जाळी बसवली. संध्याकाळी नट काढून सूत गुंडाळून ठेवतो. अर्धा तास जातो, पण रात्री तिथं काही लोंबत नाही. आट्या उलगडायचं काम वेचणी सरल्यावरच काढतो आणि त्याची मजुरी रोजच्या रोज, त्या हंगामात वेचणीला दिवसाकाठी पडायची तेवढी देतो. मागची राहिलेली दिली. चौघींनी घेतली. त्या मावशीनं घेतली नाही. म्हणाली, पाटी कर.

पाटी केली आहे. तिच्यावर सहा नावं आहेत. माझं सगळ्यात खाली.