मोटारीचा राखणदार

विहिरीवरील मोटारीस फ्यूज असतां आणखी रिले कशाला, असा प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. परंतु फ्यूज राखतो तो मुख्यतः तारांना. ५ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार पूर्ण भारास सुमारें ७.५ अँपिअर घेते. थेट सुरू होतांना मात्र सुमारें ६ पट. तो क्षणिक लोंढा फ्यूजला सोसावाच लागतो. म्हणून थोडा अतिभार त्यास कळत नाहीं. चालू मोटारीचा एक फेज गेला कीं उरलेल्या दोन तारांवर सुमारें पावणेदोनपट प्रवाह येतो. त्या वेळीं रिलेमधील दोन धातूंची पट्टी तापून वांकते, काँटॅक्टर सुटतो आणि मोटार वांचते. रिले मोटारीच्या पाटीवरील अँपिअरांवरच लावावा. मोटार वारंवार थांबते म्हणून त्याचा आंकडा वाढविणें म्हणजे भुंकणाऱ्या राखणदार कुत्र्याचें तोंड बांधणें होय. आम्ही आधीं फेज तपासतों, मग पंप.