एक वेढा, दोन वेढे

सहाणेवर गुटी उगाळायला घेतली की ओटीवर बसलेल्यालाही कळायचं. आधी वेखंडाचा उग्र दर्प, मागोमाग जायफळाचा. आजी पितळी डब्यातून एकेक चीज काढायची: हिरडा, मुरडशेंग, सुंठ, हळकुंड, काकडशिंगी, शेवटी खारीक नि बदाम. माप एकच, वेढ्यांचं. महिन्याच्या बाळाला एक वेढा, बसायला लागलं की दोन. शी पातळ झाली की हिरडा त्या दिवशी डब्यातच राहायचा. जायफळाला तर तिचा हात फारच आखडता. “पोर गुंगेल,” म्हणायची. गुटी चाटवल्यावर बाळाला मांडीवर घेऊन ती बराच वेळ तशीच बसायची. पोटावर हात, लक्ष श्वासाकडे.

मला त्या गुटीपेक्षा ते बसून राहणं आठवतं. पण आठवणी निवडून ठेवायची आमच्या पिढीला भारी हौस. त्याच काळात मुंबईच्या गिरणगावात पाळीवर जाणारी आई तान्ह्याला बाळागोळी देऊन निघायची. गोळीत अफू. पोर दिवसभर निपचित, आणि शेजारीण म्हणणार, किती गुणी बाळ! तिच्या मांडीला बसून राहायची चैन नव्हती. वाड्यातल्या आजीचं कौतुक करताना ही बाई आम्हाला सोयीस्करपणे आठवत नाही. शहाण्या घरांतलं ग्राइप वॉटरही काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. जुन्या काळी त्यात मद्यार्क असायचा. बाळ शांत व्हायचं, यात नवल ते काय?

पाचवीच्या रात्री सटवाई येते म्हणून घर जागं राहायचं. त्या भीतीला आधार होता. नाळ विळ्यानं कापायची, वर राख दाबायची, आणि नवजात बाळाचा धनुर्वात नेमका पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच गाठायचा. गरोदरपणी आईला धनुर्वाताची लस आणि नाळ कापायला स्वच्छ पातं, एवढ्यानं ते चित्र पालटलं. 2015 साली भारतातून माता आणि नवजातांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. पाचवी अजून पुजतात, पुजू देत.

माझ्या दंडावर देवीचे दोन गोल वण आहेत. देवीडॉक्टर गावात आला की आम्ही माळ्यावर लपायचो. तो सुई दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, फिरवून टोचायचा आणि पुढच्या पोराचा दंड पकडायचा. ती सुई आधी किती दंडांवर फिरून आली, हे विचारायची पद्धतच नव्हती. त्याच टोचण्यानं देवी गेली हेही खरं. 1975 नंतर या देशात देवीचा रुग्ण सापडला नाही.

नातवाला टोचायला नेलं तेव्हा नर्सबाईंनी कुपी समोर धरली. लेबलवर वर्तुळ, त्यात फिकट चौकोन. लशीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो. वर्तुळाच्या रंगाला आला की कुपी बाद. सिरिंज एकदा वापरली की आपोआप अडकते, पुन्हा ओढताच येत नाही. बीसीजीची कुपी फोडल्यावर चार तासांत संपली नाही तर टाकून देतात. मग कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुन्हा कधी यायचं, कार्ड जपून आणायचं, हे सांगून बाई म्हणाल्या, “अर्धा तास इथंच बसा.” निम्मे आईबाप रिक्षा थांबलीय म्हणून निघून गेले. 2021 च्या जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. कुपीवर चौकोन असला तरी त्याकडे बघणारं माणूस लागतंच.

बाळंतिणीच्या बाबतीत मात्र आपण फारसे पुढे सरकलेलो नाही. आमच्या वेळी अंगावर पाजणारीला ताप आला तरी गोळी नाही, बाळाला बाधेल. सूनबाई फिजिओथेरपिस्ट. 2021 च्या सुरुवातीला आरोग्य कर्मचाऱ्यांना कोविडची लस मिळू लागली, पण तिला नाही, कारण ती पाजत होती. लशीच्या चाचण्यांत पाजणाऱ्या बायकांना घेतलंच नव्हतं, म्हणून माहिती नाही. माहिती नाही म्हणून लस नाही. मे महिन्यात केंद्र सरकारनं स्तनदा मातांना परवानगी दिली. तोवर ती रोज रुग्णांत वावरत होतीच. जुन्या बायका “बाधेल” म्हणत, नव्यांनी “पुरावा नाही” म्हटलं. साधी पॅरासिटामॉलची गोळी पाजणारीला चालते, हेही अजून कित्येक घरांत समजावून सांगावं लागतं.

आणि तीच पॅरासिटामॉल बाळाच्या बाटलीत वेगळीच गंमत करते. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम. सिरपच्या बाटलीत पाच मिलिलिटरला 125, नाहीतर 250. खोकी सारखीच, चव गोड. चमचाभर थेंब दिले तर 125 वाल्या चमचाभर सिरपच्या चौपट औषध पोटात जातं. बाळाचा डोस वजनावर, आणि वजन महिन्याला बदलतं. म्हणून सूनबाईनं बाटलीवर मार्करनं वजन आणि मिलिलिटर लिहिलंय, आधीचे आकडे खोडून.

परवा शेजारच्या बाळाला रात्री ताप चढला. त्याच्या आजींचा गावाहून फोन, स्पीकरवर: “अगं, चमचाभर दे की, आम्ही नाही का दिलं?”

“हो आई,” बाळाची आई म्हणाली, “पण कुठल्या बाटलीतलं?”