पास की तिकीट?

आमच्या घरात २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत एकच प्रश्न गाजत होता. पास काढायचा की तिकीट?

तर झालं असं की बरीच वर्षं नुसत्या गप्पाच चाललेली जपानची सहल एकदाची ठरली. मुलांच्या परीक्षा संपल्या की एप्रिलच्या मध्यावर निघायचं. माणसं पाच. मी, बायको, तेरा वर्षांचे चिरंजीव, नऊ वर्षांची लेक आणि एकाहत्तर वर्षांची आई. विमानाची तिकिटं टोकियोला जाऊन टोकियोहूनच परत अशी होती. मधे क्योटो, आणि आईच्या इच्छेखातर हिरोशिमा.

आई शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवायची. जपानला जायचं म्हटल्यावर बाकीच्यांच्या याद्या लांबलचक झाल्या. तिने एकच नाव सांगितलं, हिरोशिमा.

आता जपानला जायचं म्हटलं की जो भेटेल तो पहिलं वाक्य हेच टाकतो, "जेआर पास काढा, डोळे मिटून काढा!" हा पास परदेशी पर्यटकांसाठी असतो. सात, चौदा किंवा एकवीस दिवस सलग, जेआरच्या गाड्यांतून हवं तितकं हिंडा. सल्ला देणार्‍यांचं चुकत नव्हतं, फक्त तो सल्ला शिळा झाला होता. २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनला मिळायचा. तेव्हा टोकियो-क्योटो जाऊन-येऊन केलं तरी पैसे जवळजवळ वसूल व्हायचे. ऑक्टोबर २०२३ पासून तोच पास झाला ५०,००० येन! लोकांच्या डोक्यात मात्र जुनंच गणित पक्कं बसलेलं.

मी पडलो हिशेबी माणूस. एक्सेल उघडलं. चार मोठे (तिकडे बारा वर्षं पूर्ण झाली की पूर्ण तिकीट, त्यामुळे चिरंजीव मोठ्यांत) आणि एक अर्धं. पास काढला तर २,२५,००० येन. तेव्हा १०० येनला साधारण ५५ रुपये पडत होते, म्हणजे सव्वा लाखाच्या घरात. सुटी तिकिटं काढली तर टोकियो-क्योटो साधारण १४ हजार, क्योटो-हिरोशिमा साडेअकरा हजार, हिरोशिमा-टोकियो जवळजवळ २० हजार. एका माणसाचे साडेपंचेचाळीस हजार. म्हणजे पास महागच, पण थोडक्यात. आणि सगळा घोळ या 'थोडक्यात'नेच केला.

कारण मग माझं डोकं असं चालायला लागलं, की वाटेत हिमेजीचा किल्ला टाकला तर? एक दिवस कानाझावा केलं तर? पास वसूल! चार दिवसांत माझ्या कागदावर सात दिवसांत सहा शहरं आली. कानाझावात काय बघायचंय हे मला धड सांगता आलं नसतं, पण ते घातल्यावर पासाचा रकाना हिरवा होत होता ना, बस्स. आपण जेवणाची थाळी घेतली की भूक नसतानाही दुसरा भात मागतो, तसलाच प्रकार.

बायकोची बाजू वेगळी होती. ती म्हणाली, "अरे, पैशाचं सोड. पास असला की दर वेळी तिकिटाच्या रांगेत उभं राहायला नको. एखादी गाडी हुकली तर पुढची. बेत बदलला तरी कुणाची बोलणी नाहीत." मुद्दा बरोबर होता. पासात मोकळेपणा आहेच. फक्त तो मोकळेपणा पळणार्‍या माणसाचा आहे, हे मला तेव्हा नीट मांडता आलं नाही. शिवाय त्यात एक मेख होती. शिनकानसेनमधली सगळ्यात जलद गाडी नोझोमी. पासावर तिच्यात बसायचं तर वेगळे पैसे मोजायचे, टोकियो-क्योटोला ४,९६० येन आणि टोकियो-हिरोशिमाला ६,५००. नाहीतर हिकारी, साकुरा अशा गाड्या, आणि टोकियो-हिरोशिमा करायचं तर मधे गाडी बदला. गाडी बदलणं म्हणजे बॅगा, सरकते जिने आणि आईचे गुडघे.

आणि इथे मी एक गोष्ट केली, जी लिहायला आजही बरं वाटत नाही. एक्सेलमध्ये मी दुसरं पान उघडलं आणि त्याला नाव दिलं 'आईशिवाय'. आई आली नाही तर हिरोशिमाही नको. मग फक्त टोकियो-क्योटो जाऊन-येऊन, साडेतीन तिकिटं, ९८,००० येन. पासाच्या निम्म्याहून कमी! "नुसतं तुलनेसाठी," असं मी मनाशी म्हटलं. हिशेबात सगळे पर्याय मांडायचे असतात, वगैरे वगैरे.

रविवारी सकाळी पोहे खाता खाता लेकीने लॅपटॉप पुढे ओढला आणि मोठ्याने वाचलं, "बाबा, हे 'आईशिवाय' म्हणजे काय? आई येणार नाहीये आपली?" तिला वाटलं तिची आई. बायकोने माझ्याकडे पाहिलं. माझी आई ताटलीत लिंबू पिळत होती, तिने मान वर केली नाही. थोड्या वेळाने शांतपणे म्हणाली, "हिरोशिमाचं राहू दे रे. धडा मी न बघताच शिकवला की इतकी वर्षं."

पुढे कुणी काही बोललं नाही. चिरंजीवांनीसुद्धा दुसर्‍यांदा पोहे मागितले नाहीत. मी ते पान पुसून टाकलं, पण वाचलेलं कसं पुसणार?

दोन-तीन दिवस असेच गेले. मग एका रात्री आई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "तिकडे ब्रेक जर्नी नाही का मिळत?"

मला आधी हसूच आलं. मग १९८६ आठवलं.

बाबा पोस्टात होते. एलटीसीवर दक्षिणेत जायचं ठरलं तेव्हा त्यांनी आणि आईने रेल्वेचं टाइमटेबल पुढ्यात घेऊन चक्राकार प्रवासाचं तिकीट काढलं होतं. पुण्याहून निघून बंगलोर, मदुराई, त्रिचनापल्ली, मद्रास करून परत पुणे, सगळं मिळून एकच तिकीट. लांबचं अंतर एकत्र धरलं की किलोमीटरमागे दर उतरतो, त्यामुळे तुकड्यातुकड्यांनी काढलेल्या तिकिटांपेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. अशा तिकिटावर आठ ठिकाणी उतरता येतं. साध्या लांबच्या तिकिटावरही पाचशे किलोमीटर झाले की मधे उतरून दोन दिवस राहता येतं. आपल्याकडे हे नियम आजही आहेत, फक्त ते कुणी वापरत नाही. हाताने लिहिलेलं ते तिकीट बाबा वरच्या खिशात ठेवायचे, आणि गावात उतरलं की आधी स्टेशनमास्तरकडे जाऊन त्यावर सही घ्यायचे. आम्ही तिघं सामानाजवळ उभे. पुण्यात परतल्यावर ते फाटकावर टीसीला देऊन टाकावं लागलं. "ठेवता आलं असतं तर..." असं आई नंतर कितीतरी वेळा म्हणाली आहे. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

त्या रात्री मी जपानच्या रेल्वेचे नियम पहिल्यांदा नीट वाचले. आणि काय सांगू, आईचा प्रश्न अगदी वर्मावर लागला होता!

तिकडे शिनकानसेनचं तिकीट खरं म्हणजे दोन तिकिटांचं बनलेलं असतं. एक मूळ भाड्याचं, अंतरानुसार, आणि दुसरं जलद गाडीच्या अधिभाराचं. आपल्याकडे सुपरफास्टचे वेगळे पैसे असतात तसं, फक्त तिकडे ते बरेच जास्त. मूळ भाड्याचं तिकीट शंभर किलोमीटरच्या वरचं असेल तर सहसा वाटेत उतरता येतं. टोकियो ते हिरोशिमा ८९४ किलोमीटर, आणि तेवढ्या अंतराचं तिकीट सहा दिवस चालतं. म्हणजे टोकियो-क्योटो आणि क्योटो-हिरोशिमा अशी दोन भाडी भरायचीच कशाला? सरळ टोकियो-हिरोशिमा एकच मूळ भाडं भरायचं आणि क्योटोला उतरायचं. माणशी सुमारे तीन हजार येन तिथेच वाचतात. अधिभाराची तिकिटं मात्र दोन तुकड्यांची वेगळी. शिवाय तेव्हा सहाशे किलोमीटरच्या वरच्या परतीच्या तिकिटावर मूळ भाड्यात दहा टक्के सूटही मिळायची.

सगळं जमवून हिशेब आला माणशी ४० हजारांच्या आत. पाच जणांचे मिळून १,८०,०००. पासापेक्षा ४५,००० येन कमी, म्हणजे जवळजवळ पंचवीस हजार रुपये, आणि तेही नोझोमीने! हिमेजी गेलं, कानाझावा गेलं. हिरोशिमा राहिलं.

टोकियोला पोचल्यावर स्टेशनच्या खिडकीवर मी कागद पुढे केला. त्यावर रोमन लिपीत गावं, तारखा आणि बाण काढले होते. तिथल्या माणसाने तो दोनदा वाचला, क्योटोवर बोट ठेवून बघितलं, मान हलवली आणि तिकिटांची चळत काढून दिली. आईने स्वतःचं तिकीट स्वतःकडे मागून घेतलं.

क्योटोच्या स्वयंचलित फाटकात तिने दोन्ही तिकिटं एकत्र सरकवली. यंत्राने अधिभाराचं गिळलं आणि मूळ भाड्याचं पलीकडून अलगद बाहेर काढलं. आई ते उचलून म्हणाली, "बघ, परत दिलं." तिच्या चेहर्‍यावरचा आनंद मला कुठल्याही देवळापुढे दिसला नाही.

क्योटोच्या तिसर्‍या दिवशी पाऊस लागला आणि आईचा गुडघा धरला. पास असता तर त्या दिवशी आम्ही कानाझावाच्या गाडीत असतो. नाहीतर आई खोलीत आणि बाकीचे गाडीत. मला माझा स्वभाव माहीत आहे. "दिवसाचे सात हजार येन वाया चाललेत," असं मी तोंडाने नाही तरी चेहर्‍याने म्हटलं असतं. त्या दिवशी काहीच वाया जात नव्हतं. दुपारी पाऊस थांबल्यावर आम्ही कामो नदीच्या काठी दोन तास नुसते बसलो. लेक आजीबरोबर बगळे मोजत होती. चिरंजीव कंटाळले, त्यांनाही कंटाळू दिलं.

हिरोशिमाच्या संग्रहालयात एका तीन वर्षांच्या मुलाची जळलेली तीनचाकी सायकल आहे. आई तिच्यापुढे बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर नदीकाठच्या बाकावर बसली, समोर तो घुमटाचा सांगाडा. म्हणाली, "६ ऑगस्ट १९४५. मी एका गुणाला विचारायचे रे हे." लेकीने तिचा हात धरला. मी काही बोललो नाही.

आता कुणी मला विचारलं की पास काढू की तिकीट, तर मी आधी विचारतो, बरोबर कोण आहे? दोघंच असाल, अंगात दम असेल, रोज नवं गाव करायची हौस असेल, तर पासाचा हिशेब जरूर करून बघा. ठरावीक भागापुरते स्वस्त पासही असतात, तेही बघा. पण एक पथ्य पाळा. आधी कुठे जायचं ते ठरवा, मग पास बघा. माझं उलटं झालं होतं. मुंबईत लोकलचा पास रोज जावंच लागणारा माणूस काढतो, आणि त्याचं गणित जावं लागण्यावरच उभं असतं. सहलीला कुणी असं बांधील होऊन जातं का?

आणि हो, घरच्या माणसाला वगळून हिशेब मांडू नका. तुलनेसाठीसुद्धा नाही.

हिरोशिमाच्या फाटकावर तिकीट यंत्रात घालायची वेळ आली तेव्हा आई अडून बसली. तिला ते हवं होतं. मी बाजूच्या माणसाला खुणांनी विचारलं. त्याने हसून तिकिटावर एक शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात परत दिलं. तिकडे तशी सोय आहे. ते तिकीट आता आईच्या पोथीत आहे. मधूनमधून ती ते काढते, लेकीला दाखवते आणि सांगते, "तुझ्या आजोबांनी असंच काढलं होतं."