रिपोर्टखालची सही

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्या डॉक्टरांनी माझी नाडी कधी पाहिली नाही. त्या पॅथॉलॉजिस्ट. पेशंट त्यांच्यापर्यंत पोचतो तो मेणात बसवलेला ठोकळा आणि काचेच्या पट्ट्या होऊन. मॅमोग्राफीत चुन्याचे बारीक ठिपके दिसले, सुईने तुकडा काढला, आणि रिपोर्टात 'कॅन्सर नाही' याखाली एक ओळ आली: अटिपिकल डक्टल हायपरप्लेझिया. घरच्यांनी वरचं वाचून पेढे आणले. मी खालच्या ओळीशी अडले आणि तडक लॅब गाठली.

"बसा काकू, दाखवतेच तुम्हाला." दोघींना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. जांभळ्या-गुलाबी रंगात दुधाच्या नळीचा छेद. नळीला आतून पेशींचे दोन थर असतात. माझ्या नळीत मधली पोकळी पेशींनी भरत आली होती, सगळ्या साच्यातून काढल्यासारख्या. "हेच दोन मिलिमीटरच्या पुढे पसरलं असतं तर याला डीसीआयएस म्हटलं असतं, नळीच्या आतच असलेला कॅन्सर. शेजारी तो दडलेला नाही ना, म्हणून आजूबाजूचा भाग काढायचा." सर्जननी काढला. जास्त काही निघालं नाही.

पुढचा धोका किती, असं विचारल्यावर त्यांनी अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या बायकांची हकिकत सांगितली. संख्याशास्त्रज्ञ विल्यम ड्यूपाँट आणि पॅथॉलॉजिस्ट डेव्हिड पेज यांनी तिथल्या दहा हजारांवर जुन्या, निरुपद्रवी ठरलेल्या बायोप्सी पुन्हा तपासल्या आणि हजारो जणींचं पुढे काय झालं याचा माग काढला. १९८५ साली ते छापून आलं. ७० टक्के जणींना जादा धोका नव्हताच. माझ्यासारखा बदल असलेल्यांना तो चार-पाच पट. मायो क्लिनिकच्या पाहणीत अशा शंभर जणींपैकी साधारण तिसांना २५ वर्षांत कॅन्सर झाला, आणि कधी दुसऱ्या बाजूच्या स्तनातही. "म्हणजे सत्तर जणींना झाला नाही, हेही लिहून घ्या," मॅडम म्हणाल्या. त्यांचं हे वाक्य मला औषधासारखं लागू पडलं.

त्या परक्या बायकांच्या तुकड्यांवरून आज माझी वर्षाची तपासणी ठरते. हे देणं फेडणार कुणाला?

तुमचा रिपोर्ट 'साधी गाठ' म्हणून आला, तरी तो शेवटपर्यंत वाचा. 'हायपरप्लेझिया'च्या आधी 'अटिपिकल' लिहिलंय का, एवढं डॉक्टरांना विचारा. आणि लॅबमधले ब्लॉक व स्लाइड जपून ठेवायला सांगा.