सायकल आणि वकिली

सुरत शहरात वकिलाने सायकलवरून न्यायालयात जाणे हा अद्याप लोकांच्या कुतूहलाचा विषय आहे. अडाजणहून निघावे, सरदार पुलावरून तापी ओलांडावी आणि अठवालाइन्स येथील न्यायालय गाठावे, एवढाच आमचा नित्याचा प्रवास. तरी वाटेत एखादा अशील भेटतो आणि मोठ्या काळजीने विचारतो, ‘‘साहेब, गाडी वेची नाखी के शुं?’’ गाडी विकलेली नाही, ती दारात उभी आहे, असे सांगितले म्हणजे त्याची काळजी कमी होण्याऐवजी दुणावते. मोटार असताना मनुष्य आपखुशीने सायकलवर का बसेल, हे कोडे त्यास उलगडत नाही.

परंतु आपखुशीने सायकल चालविणारे आम्ही अपवादच. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांची पाळी बदलते त्या वेळी जाऊन पाहावे. धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे आपले खानदेशी बांधव आणि ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून आलेले कामगार सायकली हाकीत निघालेले दिसतात. बारा तासांच्या पाळीने अंग आंबलेले, कानांत मागांचा खडखडाट, आणि शेजारून भरधाव मालमोटारी. त्यांच्या सायकलीमागे हौस नाही, पोट आहे. म्हणून सायकलस्वाराच्या सुरक्षिततेचा विचार आम्हांस केवळ आपल्यापुरता करता येत नाही.

सायकलस्वाराने रस्त्याच्या अगदी कडेने जावे, असा बहुतेकांचा समज आहे. वस्तुतः धोका तेथेच असतो. कडेला गटाराची जाळी, वाळू, उभ्या मोटारी. त्या चुकविण्यासाठी एकाएकी उजवीकडे सरकावे लागते, आणि मागच्या वाहनास ते अनपेक्षित असते. म्हणून कडेपासून हातभर अंतर राखून सरळ रेषेत जावे. वळण्यापूर्वी मागे पाहावे व हात दाखवावा. बस किंवा मालमोटार डावीकडे वळण्याच्या बेतात असता तिच्या डाव्या अंगास कदापि शिरू नये. तेथील सायकल चालकास दिसत नाही. अंधारात पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा असावा. उत्तरायणाच्या सुमारास गळ्याला जाड मफलर गुंडाळावा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली. परंतु बंदीचा हुकूम दोऱ्याला वाचता येत नाही. दसऱ्याला आपण सायकलीस झेंडूची माळ घालतो, हे उचितच आहे. तिचे ब्रेक मात्र वर्षभर तपासावे लागतात.

या साऱ्यांचे सार एकच : सायकलस्वाराचे रक्षण भित्रेपणाने होत नाही, तो दुसऱ्यास दिसावा आणि त्याची वाट दुसऱ्यास आधी कळावी, यानेच होते.

कायद्याच्या दृष्टीने सायकल हे मोटार वाहन नव्हे. तिला परवाना नको, विमा नको. तथापि १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने मोटारीच्या मालकावर त्रयस्थाचा विमा सक्तीचा केला आहे, आणि सायकलस्वार हा असा त्रयस्थ होय. त्याचा दावा प्राधिकरणापुढे आला म्हणजे विमा कंपनीचा युक्तिवाद बहुधा ठरलेला असतो : सायकल एकाएकी आडवी आली, दिवा नव्हता, सबब दोष उभयतांचा. हा सहदोष शाबीत झाला की त्या प्रमाणात भरपाई घटते. म्हणजे तो लहानसा तांबडा दिवा जिवाचे रक्षण करतोच. दुर्दैव ओढवलेच तर विधवेच्या हक्काचेही करतो. ठोकरून पळालेल्या वाहनाचा पत्ता न लागल्यास १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूकरिता २ लाख आणि गंभीर दुखापतीकरिता ५० हजार रुपये मिळतात. जखमीस रुग्णालयात नेणाऱ्या सज्जनास २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी मागे सरू नये. मात्र कायदा अपघाताच्या मागाहून येतो. कितीही उदार निकाल लागला तरी त्याने मनुष्य घरी परत येत नाही.

म्हणूनच उरलेला अर्धा भार मोटारवाल्यांनी उचलला पाहिजे. वेग दुप्पट झाला की आघाताचा जोर चौपट होतो. जेथे पादचारी, सायकली व मोटारी एकत्र चालतात तेथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात सांगितले आहे. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. एखादे लहानसे शहर नाहीसे व्हावे, एवढी ही संख्या.

सुरतेला हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. १९९४ साली प्लेगच्या भयाने हे शहर ओस पडले होते. पुढच्याच वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी स्वच्छतेचे काम हाती घेतले, नागरिकांनी सवयी बदलल्या, आणि २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या जोडीने पहिला क्रमांक मिळविला. ज्या शहराने कचरा टाकण्याची खोड मोडली, त्यास वाहन हाकण्याची रीत शिकणे अवघड नाही.

आरंभ लहान गोष्टीपासून करावा. रस्त्याच्या कडेला मोटार उभी केल्यावर चालकाने उजवीकडचे दार डाव्या हाताने उघडावे. अंग आपोआप वळते, नजर मागे जाते, आणि पाळी संपवून घरी निघालेला एखादा सायकलस्वार सुखरूप पुढे जातो.