घरचे पाहुणे

बाणकोटच्या खाडीवर आम्ही लहानपणापासून जातो, पण तिच्या तोंडाबाहेर कधी गेलो नव्हतो. महाबळेश्वरहून निघालेली सावित्री इथे समुद्राला मिळते. अलीकडे बाणकोटचा किल्ला, पलीकडे बागमांडला. आमचा मामेभाऊ बरीच वर्षं आखातात होता. नोकरी सुटल्यावर त्याने कर्ज काढून बोट घेतली आणि पर्यटकांना फिरवू लागला. गळाने मासेमारी, डॉल्फिन, पक्षी, सगळं एकाच फेरीत. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते. हप्ता मात्र बारा महिने.

2024 च्या 26 जानेवारीला जुमा होता. जोडून सुट्टी आली म्हणून आम्ही सहा जण मुंब्र्याहून मामूंकडे धडकलो. नमाज झाली, मामींच्या हातचं जेवण झालं आणि तीन वाजता मुलांनी धोशा लावला, आत्ताच बोटीतून जाऊ. भाऊ मामूंकडे बघू लागला. मामू ओटीवरूनच म्हणाले, "आज नाय. रज्जबची चौदावी हाय."

आम्हाला वाटलं, त्या दिवसाचा काही मसला असेल. मामू हसले. त्यांचा हिशेब भरतीचा होता. चाँदची चौदावी-पंधरावी म्हणजे उधाण. पूर्ण भरती दुपारी बाराच्या सुमारास, मग रोज पाऊण तासाने पुढे. भरती भरली की पुढचे सहा तास खाडीचं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर धावतं. दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो. पाणी बाहेर जाणारं, वारा आत येणारा आणि खाली वाळूची उथळ पट्टी. अशा वेळी लाट आडवी पसरत नाही, भिंतीसारखी उभी राहते. भावाच्या मोबाईलमध्येही भरतीचं हेच वेळापत्रक होतं, फक्त मिनिटांसकट.

तरी आम्ही हट्ट सोडला नाही. "ऊन तर छान पडलंय. आपलीच माणसं आहोत, जरा बाहेर जाऊन लगेच येऊ." भावाला नाही म्हणवेना. त्याने इंजिनाची किल्ली उचललीसुद्धा. मामूंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. आम्हाला राग आला, खोटं कशाला बोला! संध्याकाळी मुलांना घेऊन किल्ल्यावर चढलो, तर खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या फेसाच्या रांगा उठत होत्या. एक मच्छीमार बोट बाहेरच थांबून पाणी उतरायची वाट बघत होती. खाली येताना कोणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी फजर पढून निघालो. लाइफ जॅकेटचा पट्टा लागल्याशिवाय भाऊ इंजिन सुरू करीना. नुकती भरती लागली होती, वारा पडलेला. कालचं तेच तोंड ताटातल्या पाण्यासारखं शांत होतं. बाहेर पडताच डॉल्फिन दिसले, पाठीवर कुबड असलेले, चार-पाच तरी असतील. मुलं ओरडली, "जवळ चला!" भावाने उलट इंजिन बंद केलं. पाठलाग केला की ते बुडी मारून निघून जातात आणि बरोबर पिल्लू असलं तर त्याचे हाल होतात, म्हणाला. थोड्या वेळाने ते आपणहूनच जवळ आले. वर समुद्री गरुड घिरट्या घालत होता, पाण्यावर हिवाळ्यात येणारे कुरव. किल्ल्यापलीकडे वेळासचा किनारा आहे, तिथे कासवं अंडी घालायला येतात. ती पिल्लं बघायला येणाऱ्यांमुळे फेब्रुवारी-मार्चचे हप्ते सुटतात, हे त्याने सहज सांगितलं.

मग कोळंबी लावून गळ टाकले. पहिला शेंगाळा लागला. त्याचा काटा लागला तर हात ठणकतो, म्हणून भावाने पकडीने आधी काटे मोडले. धाकट्याला वीतभर तांबोशी मिळाली. ती भावाने परत पाण्यात सोडली, तेव्हा तो रडायचाच बाकी होता.

अकराला परतलो तर जेट्टीवर एक कुटुंब पिशव्या घेऊन बसलेलं. सकाळी सातची फेरी त्यांची होती! भावाने त्यांना थांबवून ठेवलं होतं. पण भरती आता पाऊण-एकपर्यंतच, फेरी चार तासांची. त्याने त्यांना साफ नाही सांगितलं आणि आगाऊ घेतलेले पैसे परत केले. ते रागारागाने निघून गेले. आम्ही मासे घेऊन तिथेच उभे.

आम्ही पैसे पुढे केले, तर म्हणतो कसा, "घरच्यांकडून घेऊ?" निघताना मामींच्या जानमाजखाली नोटा ठेवल्या. पंधरा दिवसांनी गावाहून आलेल्या एकाबरोबर त्या सुकटीच्या पिशवीत घालून परत आल्या.

यंदा आम्ही आधीच फोन केला. "शनिवारी सकाळची फेरी हवी. माणसं सहा. आगाऊ किती पाठवायचे?"

"भाईजान, तुम्ही?"

"गिऱ्हाईक बोलतोय."

तो काही बोलेना. मागून मामूंचा आवाज आला, "त्यांना चाँदची तारीख विचार आधी."